कटऑफच्या अलीकडची आणि पलीकडची मुलं

"नामांकित शाळेतली मुलं पुढे चांगलं करतात. यात शाळेचं श्रेय किती?"

पीएचडीच्या मुलाखतीत संशोधन पद्धतीवरचा प्रश्न बरेचदा असा साध्या वेशात येतो. आपण पटकन म्हणतो, "सर, डेटा घेऊ. त्या शाळेतल्या मुलांचे मार्क आणि इतर शाळांतल्या मुलांचे मार्क, टी-टेस्ट लावू." समोरचे सर किंवा मॅडम चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "पण त्या शाळेत मुलं घेतली कशी होती?" इथे बहुतेकांची गाडी अडते.

मुलं घेतली कशी, या एका प्रश्नावर आजचा लेख आहे. उदाहरण अमेरिकेतल्या खासगी माध्यमिक शाळांच्या प्रवेश परीक्षांचं घेतलंय. आपल्याकडे जवाहर नवोदय विद्यालयाची सहावीची परीक्षा आहे, साताऱ्याच्या सैनिक शाळेची आहे, त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या मुलांना परीक्षा घेऊन शाळेत घेणं आपल्याला नवीन नाही. पण अमेरिकेतल्या या परीक्षांवर, विशेषतः बॉस्टन शहरात, जे संशोधन झालं ते पद्धत शिकायला फार सोयीचं आहे. मी मूळची स्टॅटिस्टिक्सची. शिक्षणशास्त्र वाचायला लागले ते याच पेपरमुळे.

आधी परीक्षा समजून घेऊ.

अमेरिकेत खासगी शाळांसाठी दोन मोठ्या परीक्षा आहेत. एक एसएसएटी, १९५७ पासूनची. दुसरी आयएसईई, ती एज्युकेशनल रेकॉर्ड्स ब्युरो नावाची संस्था घेते. दोन्हींत शब्दसंपत्ती, वाचन, गणित आणि एक निबंध. निबंधाला मार्क नसतात, तो लिहिला तसाच शाळेकडे पाठवला जातो. एसएसएटीत पाच पर्याय असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव मार्क जातो. आयएसईईत चार पर्याय, आणि काही कापत नाहीत. (सीएसआयआर-नेट दिलेल्यांना पहिल्या प्रकारचं दुःख ठाऊक आहे.) न्यू इंग्लंडमधल्या नामांकित निवासी शाळांची वर्षाची फी ६० हजार डॉलरच्या वर गेलीये, आणि तरीही जागांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त. तेव्हा घरात या परीक्षेचं वातावरण कसं असेल याची कल्पना करायला आपल्याला त्रास पडू नये.

निकालात पर्सेंटाइल येतो, आणि इथेच पहिली गोष्ट शिकण्यासारखी आहे. हा पर्सेंटाइल देशातल्या सगळ्या मुलांमधला नसतो. गेल्या तीन वर्षांत त्याच पातळीवर तीच परीक्षा दिलेल्या मुलांमधला असतो. म्हणजे तुलना कोणाशी? ज्यांच्या आईबापांनी खासगी शाळेचा विचार केला, परीक्षेची फी भरली, बहुतेकदा शिकवणीही लावली, अशा मुलांशी. शाळेतल्या नेहमीच्या चाचणीत ९० पर्सेंटाइलला असणारं मूल इथे ६० वर येतं आणि घरात सुतकी शांतता पसरते. मूल तेच, डोकं तेच. फक्त शेजारी बसणारी मुलं बदलली. आयएसईईमध्ये तर पर्सेंटाइलवरून पुढे १ ते ९ असा स्टॅनाइन काढतात. त्यात ४० ते ५९ पर्सेंटाइलची सगळी मुलं ५ या एकाच खणात जातात.

कुठलाही पेपर वाचताना "पर्सेंटाइल" दिसला की समासात लिहायची सवय लावा: कोणामधला? मी अजूनही पेन्सिलीने लिहिते.

दुसरी गोष्ट जरा फसवी आहे. समजा एका खासगी शाळेने आपल्याच मुलांचा डेटा काढला आणि बघितलं, की प्रवेशाच्या वेळचा एसएसएटी स्कोअर आणि नंतर शाळेत मिळालेले मार्क यांचा संबंध किती. संबंध फारच कमी निघाला. मग कोणीतरी म्हणणार, परीक्षा बिनकामाची आहे, बंद करा. असं म्हणता येईल का?

नाही. खासगी शाळा फक्त स्कोअर बघत नाहीत. मुलाखत असते, शिक्षकांची शिफारसपत्रं असतात, आधीच्या शाळेची प्रगतिपुस्तकं असतात, कोणी उत्तम व्हायोलिन वाजवतं, कोणी पोहतं. आता विचार करा, स्कोअर कमी असूनही कोणाला घेतलं असेल? ज्याचं बाकी काहीतरी दमदार होतं त्यालाच. स्कोअर कमी आणि बाकीही यथातथा, अशा मुलाला घेतलंच नाही, म्हणून तो आपल्या डेटात नाही. म्हणजे शाळेच्या आत कमी स्कोअरवाली मुलं ही निवडक कमी स्कोअरवाली आहेत. शिवाय सगळ्यांचे स्कोअर वरच्या टोकालाच दाटलेले, पसारा कमी, आणि पसारा कमी झाला की सहसंबंध आपोआप खाली येतो. पहिल्या भानगडीला कोलायडर म्हणतात, दुसरीला रेंज रिस्ट्रिक्शन. दोन्ही एकाच दारातून येतात: आपण फक्त आत आलेल्यांकडे बघतोय.

तुमच्या विभागातही हेच दिसेल. पीएचडीला घेतलेल्या मुलांमध्ये नेटचा स्कोअर आणि नंतरचं काम यांचा फारसा मेळ लागत नाही, असं सगळेच गाईड म्हणतात. खरं असेलही. पण आत आलेल्यांवरून ते सिद्ध होत नाही.

मग करायचं काय? आत आलेले आणि बाहेर राहिलेले यांची तुलना केली तर ती अन्यायाची, कारण दोघं मुळातच वेगळे. फक्त आत आलेल्यांना बघितलं तर वरचा घोळ. नाणं उडवून मुलांना शाळेत घालावं म्हटलं तर कुठली शाळा आणि कुठले आईबाप तयार होतील?

काठावरची मुलं

"काठावर पास" हा शब्द आपण चिडवायला वापरतो. संशोधकाच्या दृष्टीने मात्र वर्गातला सगळ्यात मौल्यवान मुलगा तोच.

एखादी शाळा निव्वळ मार्कांच्या यादीवरून प्रवेश देते असं समजा. जागा ३००, यादी वरून खाली लावली, तीनशेव्या मुलावर रेघ मारली. आता तीनशेवा आणि तीनशे एकावा यांच्यात फरक काय? एखादा प्रश्न. एखादा अंदाजपंचे मारलेला पर्याय. कदाचित परीक्षेच्या आदल्या रात्री एकाला सर्दी झाली होती. प्रत्येक परीक्षेच्या स्कोअरमध्ये मुलाची खरी क्षमता असते आणि त्यात थोडा गोंगाट मिसळलेला असतो. तेच मूल दुसऱ्या शनिवारी बसलं असतं तर चार-दोन मार्क इकडे-तिकडे झालेच असते. म्हणून रेघेच्या अगदी जवळ अलीकडची आणि पलीकडची मुलं जवळजवळ सारखी असतात. पण रेघेमुळे एकजण शाळेत जातो, दुसरा जात नाही. नाणं कोणी उडवलं नाही, तरी उडवल्यासारखं झालं.

पाच-सात वर्षांनी या दोघांचे मार्क बघा. शाळेने खरंच काही घडवलं असेल तर रेघेवर आलेखाने उडी मारायला हवी. उडी नसेल तर, निदान या मुलांपुरतं, शाळेने मार्कांत काही वाढवलं नाही.

या पद्धतीचं नाव रिग्रेशन डिसकंटिन्युइटी. थिसलथवेट आणि कॅम्पबेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये ती पहिल्यांदा वापरली, तीही एका परीक्षेवरच. अमेरिकेतल्या नॅशनल मेरिट स्पर्धेत ठरावीक गुणांच्या वर असलेल्यांना प्रमाणपत्र मिळायचं आणि जाहीर कौतुक व्हायचं. त्यांनी विचारलं, या कौतुकाचा पुढे काय परिणाम होतो? पद्धत आली आणि मग जवळपास तीस-पस्तीस वर्षं अर्थशास्त्रज्ञांनी तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी ती परत वर आली आणि आता तिच्याशिवाय पान हलत नाही.

अडचण अशी की खासगी शाळांना ही पद्धत लावता येत नाही. वर सांगितलं तसं, तिथे रेघ नाहीच. समिती बसते, चर्चा करते, एखाद्याला खालून उचलते, एखाद्याला वरून वगळते. स्कोअर माहीत असला तरी प्रवेश कशामुळे मिळाला ते सांगता येत नाही. जिथे माणसं ठरवतात तिथे रेघ पुसट होते, आणि पुसट रेघेवर उडी शोधता येत नाही.

इथे बॉस्टन येतं. बॉस्टनमध्ये तीन सरकारी "एक्झाम स्कूल" आहेत: ओब्रायंट, लॅटिन अकॅडमी आणि लॅटिन स्कूल. यातली बॉस्टन लॅटिन स्कूल १६३५ सालची, अमेरिकेतली सगळ्यात जुनी सरकारी शाळा. फी नाही, पण प्रवेश परीक्षेवर. आणि परीक्षा कोणती? अनेक वर्षं ती आयएसईई होती. खासगी शाळांसाठी बनवलेली परीक्षा, वापरली सरकारी शाळांनी. शिवाय तिथे समिती नव्हती, सूत्र होतं: आयएसईईचा स्कोअर आणि आधीच्या शाळेतले ग्रेड एकत्र करून एक आकडा, त्या आकड्यावरून क्रम, आणि मुलांनी दिलेल्या पसंतीप्रमाणे जागा. रेघ लख्ख. खासगी शाळांच्या परीक्षेवर स्वच्छ अभ्यास करायला सरकारी शाळा उपयोगी पडल्या, याची मला अजून गंमत वाटते.

अतिला अब्दुलकादिरोग्लू, जोशुआ अँग्रिस्ट आणि पराग पाठक यांनी हा अभ्यास केला. २०१४ मध्ये 'इकॉनोमेट्रिका'त आला. शीर्षक मराठीत सांगायचं तर "उच्चभ्रूपणाचा भ्रम". त्यांनी बॉस्टनच्या तीन शाळांबरोबर न्यूयॉर्कच्या स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक याही घेतल्या. (अँग्रिस्ट म्हणजे २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांतले एक. नैसर्गिक प्रयोगांवरच्या कामासाठीच.)

पेपर उघडाल तेव्हा आधी आकृत्या बघा, समीकरणं नंतर. पहिल्या आकृत्यांमध्ये आडव्या अक्षावर प्रवेशाचा क्रम आणि उभ्या अक्षावर "वर्गमित्रांचे आधीचे मार्क" असतात. रेघेवर जबरदस्त उडी. म्हणजे रेघ ओलांडलेल्या मुलाला एकदम हुशार मुलांच्यात बसायला मिळतं. आईबाप ज्यासाठी धडपडतात ते खरंच मिळतं, यात शंका नाही. मग पुढच्या आकृत्यांमध्ये उभ्या अक्षावर त्याच मुलांचे नंतरचे मार्क: राज्याची परीक्षा, एसएटी. आणि रेघेवर... जवळजवळ काहीच नाही. आलेख डावीकडून चढत येतो आणि तसाच पुढे चढत जातो. कोणत्या दर्जाच्या कॉलेजात गेले, तिथेही फारसा फरक नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या शाळांवर विल डॉबी आणि रोलंड फ्रायर यांचा स्वतंत्र पेपर आला, निष्कर्ष साधारण तोच.

या शाळांतली मुलं हुशार निघतात हे खरंच आहे. ती आत येतानाही हुशारच होती.

"नाहीतर काय?" हा प्रश्न

इथपर्यंत वाचून बरेच जण निष्कर्ष काढतात की चांगल्या शाळेने काही होत नाही. थांबा जरा. उडी नाही म्हणजे नेमकं कशाच्या तुलनेत नाही?

लॅटिन स्कूलच्या रेघेच्या खाली राहिलेलं मूल कुठे गेलं? बहुतेकदा लॅटिन अकॅडमीत. तीही एक्झाम स्कूलच. म्हणजे त्या रेघेवर आपण "नामांकित विरुद्ध साधी" अशी तुलना करतच नाही आहोत, "एक नंबर विरुद्ध दोन नंबर" अशी करतोय. साध्या शाळेशी खरी तुलना ओब्रायंटच्या रेघेवर होते, कारण तिथून खाली गेलं की बहुधा नेहमीची सरकारी शाळा. लेखकांना हे माहीत आहे, म्हणून ते प्रत्येक रेघ वेगळी बघतात. आपण सारांश वाचून पुढे गेलो तर हे हातातून सुटतं.

शिकागोचं उदाहरण याहून बोलकं आहे. तिथल्या निवडक शाळांवर अँग्रिस्ट, पाठक आणि रोमान साराते यांनी अभ्यास केला. तिथे रेघ ओलांडल्याने गणितातले मार्क थोडे कमी झालेले दिसले! पहिलं स्पष्टीकरण लगेच सुचतं: मूल झेपणार नाही अशा शाळेत गेलं, मागे पडलं. पण त्यांनी खोदून बघितलं की रेघेखालची मुलं नाहीतर कुठे गेली असती. त्यातली बरीच शहरातल्या नोबल नावाच्या चार्टर शाळांमध्ये जात होती, आणि त्या शाळा मार्कांच्या बाबतीत फारच प्रभावी होत्या. निवडक शाळेने मूल बिघडवलं नव्हतं, फक्त त्याला एका चांगल्या शाळेपासून दूर नेलं होतं. "पलीकडच्या मुलाचं काय झालं" हे बघताना "अलीकडचं मूल कुठे गेलं" हे विचारलं नाही, तर आकडा बरोबर आणि अर्थ चूक असं होतं. यालाच काउंटरफॅक्चुअल म्हणतात. मला विचाराल तर अख्ख्या पद्धतीत जपायची गोष्ट हीच.

आणखी एक मर्यादा, जी मुलाखतीत हमखास विचारतात. काठावरच्या मुलांवरून काठावरच्याच मुलांबद्दल बोलता येतं. यादीत पहिल्या आलेल्या मुलीला शाळेचा काय फायदा झाला, हे या पद्धतीला सांगता येत नाही. ज्याने परीक्षाच दिली नाही त्याच्याबद्दलही नाही. आणि मोजले ते मार्क आणि कॉलेज. ओळखी, आत्मविश्वास, जन्मभराची मैत्री या गोष्टी उभ्या अक्षावर ठेवल्याच नव्हत्या.

निष्कर्ष सगळीकडे सारखाही येत नाही. रोमानियात माध्यमिक शाळांचे प्रवेश परीक्षेतल्या गुणांवर होतात. तिथे पॉप-एलेकेस आणि उर्किओला यांच्या २०१३ च्या पेपरात रेघ ओलांडलेल्यांचे शालान्त परीक्षेतले मार्क वाढलेले दिसले. पण त्यांनी घरोघरी जाऊन सर्वेक्षणही केलं, आणि त्यात दोन गोष्टी सापडल्या ज्या मार्कांच्या डेटात कधीच दिसल्या नसत्या. मूल चांगल्या शाळेत गेलं की आईबापांनी घरी लक्ष देणं कमी केलं. आणि काठावरून आत आलेल्या मुलांना आपण वर्गात कच्चे आहोत असं वाटायला लागलं, बाकीची मुलं आपल्याला सामावून घेत नाहीत असंही. परीक्षेत पास होऊन आत गेलेलं मूल आतमध्ये शेवटचं ठरतं. हे वाचताना मला आमच्या गावातून शहरातल्या कॉलेजात आलेली कितीतरी मुलं डोळ्यासमोर आली.

रेघेवर गर्दी आहे का?

आता तपासणीचं. ही पद्धत एका अटीवर उभी आहे: रेघेच्या कोणत्या बाजूला पडायचं हे कोणाला नेमकं ठरवता येऊ नये. बॉस्टनमध्ये हे बऱ्यापैकी खरं होतं, कारण रेघ आधी जाहीर नसायची. त्या वर्षी किती मुलं आली, कशी आली, जागा किती, यावरून ती नंतर पडायची. नेम धरायला लक्ष्यच नाही.

उलट जिथे रेघ आधीपासून माहीत असते तिथे काय होतं हे आपल्याला सांगायला नको. दहावीला ३५ ला पास. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला ३३ दिसले की हात थबकतो, कुठेतरी अर्धा-एक मार्क सापडतो, शिवाय वाढीव गुणांचे नियम आहेतच. मग ३४ वर शुकशुकाट आणि ३५ वर जत्रा. न्यूयॉर्क राज्याच्या रीजेंट्स परीक्षेत अगदी हेच सापडलं होतं. पासाची रेघ ६५, आणि तिच्या लगेच वर स्कोअरचा ढीग, कारण पेपर त्याच शाळेतले शिक्षक तपासायचे. डी, डॉबी, जेकब आणि रॉकॉफ यांचा यावरचा पेपर वाचण्यासारखा आहे. त्यात शिक्षकांना चोर ठरवलेलं नाही. बहुतेकांनी मुलाचं वर्ष वाया जाऊ नये म्हणूनच मार्क दिले होते, असं त्यांचं म्हणणं. पण हेतू चांगला असला तरी आपली पद्धत तिथे मोडते: ३५ वर उचलला गेलेला मुलगा आणि ३३ वर राहिलेला मुलगा आता सारखे राहत नाहीत. एकाचे सर कनवाळू होते.

म्हणून नियम असा: रिग्रेशन लावण्याआधी स्कोअरचा साधा हिस्टोग्राम काढा आणि रेघेपाशी खड्डा-उंचवटा आहे का ते बघा. याची औपचारिक चाचणी मॅक्रेरी यांनी २००८ मध्ये दिली. मग मुलाचं आधीचं वय, घरची परिस्थिती, आधीचे मार्क हे उभ्या अक्षावर ठेवून बघा. परीक्षेआधीच्या गोष्टी रेघेवर उडी मारायला लागल्या तर तिथेच थांबायचं. खिडकी किती रुंद घ्यायची, हाही प्रश्न येतो. अरुंद घेतली तर मुलं सारखी पण संख्या तुटपुंजी, रुंद घेतली तर संख्या भरपूर पण मुलं वेगळी. दोन-तीन रुंदींनी करून बघा. आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना सरळ रेषाच बसवा. चौथ्या-पाचव्या घातांकाची वळणदार रेषा बसवली की ती टोकाला वेडीवाकडी वळते आणि नसलेली उडी दाखवते. गेलमन आणि इम्बेन्स यांनी यावर २०१९ मध्ये खास लेख लिहून ठेवलाय, गाईडशी वाद झाला तर तो पुढे करा.

पण एक गोष्ट हिस्टोग्राममध्ये दिसत नाही: परीक्षेला कोण आलंच नाही. बॉस्टनमध्ये जोशुआ गुडमन आणि मेलनी रुसिन्स्की यांनी २०१८ मध्ये हे तपासलं. राज्याची परीक्षा शाळेत सगळ्यांचीच होते, तिचे मार्क हाताशी होते. त्यात बरोबरीचे मार्क असूनही कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं आयएसईईला बसण्याचं प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा कमी होतं. बसलेल्यांचे आयएसईई स्कोअरही बरोबरीच्या गोऱ्या मुलांपेक्षा कमी येत होते. म्हणजे रेघेपाशी पोचायच्या आधीच एक गाळणी लागलेली. रेघेवरचा अभ्यास कितीही स्वच्छ असो, या मुलांबद्दल तो गप्प राहतो. पुढे कोविडमुळे २०२१-२२ च्या प्रवेशांसाठी बॉस्टनने परीक्षाच थांबवली, आणि नंतर परीक्षा आली ती आयएसईई नाही, दुसरीच.

आता तुमच्यासाठी काम. यूजीसी-नेट घ्या. ३०० मार्क, जेआरएफची रेघ दरवेळी, दर विषयाला, दर प्रवर्गाला वेगळी, आणि निकालाआधी कोणालाच माहीत नाही. रेघेच्या वर महिन्याला ३७ हजार रुपये, खाली सहायक प्राध्यापकाची पात्रता, पण हे पैसे नाहीत. प्रश्न असा: या पैशामुळे पीएचडी पूर्ण होण्याची शक्यता वाढते का? रेघ लख्ख आहे, नेम धरता येत नाही, तपासणी संगणकावर. सगळं जुळतंय असं वाटेल. पण दोन मार्कांनी जेआरएफ हुकलेला मुलगा घरी बसत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा फॉर्म भरतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती मिळतेही. मग अलीकडच्या बाजूलाही जेआरएफवाले सापडतात. तुमच्या आडव्या अक्षावर पहिल्या प्रयत्नाचा स्कोअर ठेवणार की शेवटच्या? शेवटचा ठेवलात तर हिस्टोग्राम कसा दिसेल, तो आधी कागदावर काढून बघा.